नव्वद मिनिटांची कॅसेट, ऐंशी मिनिटांची सीडी

आमच्या घरी एक सीडी आहे. पांढऱ्या कागदी पाकिटात ठेवलेली. पाकिटावर बाबांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिले आहे, 'आईचं गाणं'. ही सीडी नेहमी एकाच जागी थांबते. भैरवी सुरू होते, आजीचा आवाज षड्जावर स्थिरावतो, तबला ठेका धरतो आणि मिनिटभरात सगळे शांत होते. सीडीवर ओरखडा नाही, डाग नाही. ती बिघडलेलीही नाही. पहिल्या दिवसापासून ती तिथेच थांबते आहे.

असे का झाले हे समजायला मला काही वर्षे लागली. समजले तेव्हा वाटले की ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नसणार. तुमच्याही कपाटात, टीव्हीखालच्या खणात किंवा माळ्यावरच्या पेटीत अशी एखादी सीडी असेल. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या बारशातली, कुणाच्या आवाजातली. ती पुन्हा कपाटात ठेवण्याआधी हे वाचा.

निशातगंजची ती दुपार

आजोबा रेल्वेच्या नोकरीत होते, म्हणून आमचे घर लखनऊला आले आणि निशातगंजच्या एका गल्लीत स्थिरावले. आजी लग्न होऊन आली ती गळ्यात गाणे घेऊनच. लखनऊमध्ये तिला एक ओळखीचे दार मिळाले. गोमती ओलांडून कैसरबागेत गेले की वाजिद अली शाहच्या काळातल्या परीखान्याच्या इमारतीत संगीताचे महाविद्यालय होते. आज ते भातखंडे यांच्या नावाने ओळखले जाते. आजी मात्र शेवटपर्यंत त्याला 'मॅरिस कॉलेज'च म्हणायची, कारण १९२६ मध्ये ते सुरू झाले तेव्हा संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला दिले होते. उभारणीमागे होते वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली सोडून संगीताच्या मागे लागलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे. परक्या गावात एका मराठी माणसाने उभी केलेली शाळा आहे, याचा आजीला फार आधार वाटायचा.

१९८८ च्या गणेशोत्सवात एका ओळखीच्या घरी आजी गायली. बाबांनी समोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि त्यात नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घातली. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटली. यमन, बागेश्री, दोन अभंग आणि शेवटी प्रथेप्रमाणे भैरवी. कॅसेट जवळपास पूर्ण भरली.

२००४ च्या सुमारास सगळीकडे सीडीचे वारे होते. कॅसेटची फीत अडकते, ताणते, तिला बुरशी लागते, सीडी मात्र कायमची, असे सगळेच म्हणत. बाबा ती कॅसेट घेऊन एका दुकानात गेले. फोटो कॉपी, मोबाइल रिचार्ज, कॉम्प्युटर टायपिंग आणि 'कैसेट से सीडी' असा फलक असलेले दुकान. संध्याकाळी सीडी हातात आली. बाबांनी घरी येऊन पहिली दहा मिनिटे लावून ऐकली. आवाज स्वच्छ होता. सगळे खूश झाले. पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या कॅसेटींची पिशवी रद्दीवाल्याकडे गेली. 'आता सीडी आहे ना,' असे म्हणतच गेली.

आजी २००७ मध्ये गेली. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी आम्ही ती सीडी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.

"बाबा, पुढचं कुठे आहे?" मी विचारले.

बाबांनी सीडी काढली, पुसली, पुन्हा लावली. तीच जागा, तीच शांतता. ते काही बोलले नाहीत.

ऐंशी मिनिटे कुठून आली?

उत्तर त्या सीडीच्या तबकडीवरच छापलेले होते. ८० मिनिटे, ७०० एमबी. नव्वद मिनिटांची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या सीडीत मावत नाही. कुणीतरी शेवट कापला आणि बैठकीच्या शेवटी असते ती भैरवी.

पण ही ऐंशी मिनिटे ठरतात कशी? संगीताच्या सीडीचे नियम सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले. १९८२ मध्ये सीडी आणि सीडी प्लेअर बाजारात आले. नियम असा की आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची. प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटमध्ये लिहायची. डाव्या कानासाठी वेगळी, उजव्या कानासाठी वेगळी.

आता गुणाकार करा. ४४,१०० गुणिले २ बाइट गुणिले २ वाहिन्या, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. मिनिटाला साधारण १ कोटी ५ लाख बाइट, म्हणजे जवळपास १० एमबी. म्हणून 'एक मिनिट गाणे म्हणजे दहा एमबी' हा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो.

४४,१०० हा आकडाही उगाच आलेला नाही. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. लहर नीट पकडायची तर तिच्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा ती मोजावी लागते. म्हणून ४०,००० च्या वर जाणे भाग होते. त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत, आणि त्या टेपच्या रेघांच्या हिशेबात ४४,१०० हा आकडा बरोबर बसत होता. तोच कायम झाला.

एकाच सीडीवर ७०० की ८०७?

इथे एक गंमत आहे, आणि तिने अनेकांना गोंधळात टाकले आहे. ऐंशी मिनिटांच्या गाण्याचे बाइट मोजले तर ते ८४ कोटी ६७ लाख २० हजार भरतात. कॉम्प्युटरच्या भाषेत सुमारे ८०७ एमबी. मग सीडीवर ७०० एमबी का लिहितात?

सीडीवरची जागा छोट्या छोट्या खणांत विभागलेली असते. एका सेकंदाला ७५ खण. प्रत्येक खणात २,३५२ बाइट मावतात. गाण्याच्या सीडीत हे सगळेच्या सगळे बाइट गाण्यासाठी वापरतात. पण कागदपत्रे, फोटो किंवा एमपी-थ्री ठेवायच्या डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइटच आपल्या वाट्याला येतात. उरलेले खणाची ओळख पटवायला आणि चुका दुरुस्त करायला राखून ठेवतात.

कारण सरळ आहे. गाण्यातला एखादा छोटा कण वाचता आला नाही, तर प्लेअर आजूबाजूच्या मोजण्यांवरून अंदाज बांधून तो भरून काढतो आणि आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. बँकेच्या हिशेबातला एखादा आकडा मात्र अंदाजाने भरून चालत नाही. म्हणून डेटा सीडीला दुरुस्तीची जास्त सोय लागते आणि तिची जागा कमी होते. जागा आणि सुरक्षितता यांची ही अदलाबदल आहे.

त्याआधी ७४ मिनिटांच्या, ६५० एमबीच्या सीडी मिळत. नव्वद आणि नव्व्याण्णव मिनिटांच्या कोऱ्या सीडीही काही काळ बाजारात होत्या, पण त्या ठरलेल्या नियमांबाहेरच्या असल्याने अनेक प्लेअर त्यांच्यापुढे हात टेकत.

गाणे नेहमीच जागेपुढे झुकले आहे

जागेच्या मर्यादेत गाणे बसवण्याचा प्रकार सीडीने सुरू केलेला नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा राग कलावंतांनी तीन-साडेतीन मिनिटांत मांडला. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या लोक आजही ऐकतात, त्या याच मर्यादेत गायलेल्या. पुढे लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली. कॅसेटने तास-दीड तास दिला.

गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीवर जगभरातले सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत बसवायचे होते. नेहमीच्या वेगाने ते मावत नव्हते. मग ती तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या, म्हणजे लाँग प्लेच्या निम्म्या वेगाने फिरेल अशी बनवली. वेग कमी केला की वेळ वाढतो, पण आवाजातला बारकावा थोडा घटतो. नव्वद मिनिटांचा प्रश्न तिथेही होता. तिथे तो कुणीतरी आधी विचार करून सोडवला, कात्री लावून नाही.

एमपी-थ्री: जास्त जागा कुठून येते?

'आमच्याकडे तर एका सीडीत दीडशे गाणी होती,' असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ती एमपी-थ्रीची डेटा सीडी. एमपी-थ्री आवाजातला जो भाग कानाला ऐकू येण्याची शक्यता कमी, तो टाकून देते. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज, फार उंच स्वरकण, असे बरेच काही.

संगीताच्या सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. १२८ किलोबिटची एमपी-थ्री त्याच्या साधारण अकराव्या हिश्श्यात गाणे बसवते. ७०० एमबीच्या सीडीचा हिशेब असा:

१२८ किलोबिट: सुमारे पावणेतेरा तास
१९२ किलोबिट: सुमारे साडेआठ तास
३२० किलोबिट: सुमारे पाच तास
पूर्ण दर्जाचे संगीत, ऑडिओ सीडी: ८० मिनिटे

कमी दरात सिनेगीत बसमध्ये ऐकायला चालून जाते. पण तानपुऱ्याचा झंकार, तबल्याच्या चाटेवरचा तडक आघात आणि टाळांची किणकिण यांत फरक जाणवू लागतो. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एमपी-थ्रीपासून पुन्हा ऑडिओ सीडी बनवली, तरी टाकून दिलेला भाग परत येत नाही. सीडी ऐंशी मिनिटांचीच होते, दर्जा मात्र एमपी-थ्रीचाच राहतो. घट्ट पिळलेले कापड पुन्हा पसरले तरी सुरकुत्या राहतात, तसेच.

कॅसेटच्या बाबतीत उलटे होते. घरगुती टेपरेकॉर्डरच्या फितीवर मुळातच खरखर असते आणि फार उंच स्वर नीट उमटत नाहीत. तिच्यातले सगळे काही १६ बिटांच्या सीडीत आरामात मावते. म्हणजे आजीच्या गाण्याचा दर्जा सीडीवर कमी झालाच नव्हता. बाबांनी पहिली दहा मिनिटे ऐकून 'स्वच्छ आहे' म्हटले, ते खरेच होते. गेला तो वेळ. कॅसेटच्या दोन बाजूंच्या दोन सीडी केल्या असत्या, तर दहा-पंधरा रुपयांच्या एका कोऱ्या सीडीत भैरवी वाचली असती.

त्या दुकानदारावर मी कित्येक वर्षे मनातून चिडून होतो. आता नाही. तो दिवसाला वीस कॅसेटी उतरवत असेल. शेवटपर्यंत ऐकून बघायचे काम त्याचे नव्हते, आमचे होते.

घरच्या सीडी वाचवायच्या तर

आता लॅपटॉपमध्ये सीडीची खाच नसते, गाडीत प्लेअर नसतो. सीडी चांगली असली तरी ती वाजवणारे यंत्र घरातून निघून चालले आहे. म्हणून हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

सगळ्यांत आधी सीडी शेवटपर्यंत ऐका. पहिले गाणे ऐकून समाधान मानू नका. मूळ कॅसेट घरात असेल तर दोन्हींची वेळ ताडून पाहा.

मूळ कॅसेट टाकू नका. नवी प्रत पूर्ण तपासून झाल्यावरसुद्धा नाही. मूळ वस्तू असेल तर उद्या चांगल्या यंत्रावर पुन्हा उतरवता येते.

सीडीवरचे गाणे फाइलमध्ये घ्या. यूएसबीला जोडायचा बाहेरचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात ठेवा. तासाभराची वेव्ह फाइल सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅक काहीही न टाकता तेच गाणे बरेचदा निम्म्या-पाऊण जागेत बसवते. पेन ड्राइव्हच्या जमान्यात ही जागा म्हणजे काहीच नाही.

कॅसेट नव्याने उतरवत असाल तर जागेची काटकसर करू नका. ध्वनिसंग्रहालये २४ बिट आणि ९६,००० नमुन्यांचा दर वापरतात. त्यात तासाला साधारण दोन जीबी लागतात. घरगुती कॅसेटला सीडीचा दर्जाही पुरतो. आवाजाची पातळी मात्र फार चढवू नका. कमाल रेषा ओलांडली की तारसप्तकातली जागा फाटते आणि ती मागाहून दुरुस्त होत नाही.

सीडी राइट करायचीच असेल तर सलग बैठकीसाठी 'डिस्क ॲट वन्स' पर्याय निवडा. नाहीतर विलंबितातून द्रुतात जाताना मधेच दोन सेकंदांची शांतता येते. शेवटी सीडी फायनलाइज करा, नाहीतर साध्या प्लेअरमध्ये ती वाजत नाही. सर्वांत जास्त वेगाने राइट करण्याचा मोह टाळा.

सीडीची वरची बाजू जपा. आपण खालच्या चकचकीत बाजूला जपतो, पण चांदीसारखा थर असतो वरच्या छापील बाजूखाली, पातळ लाखेच्या आड. वर बॉलपेनने लिहू नका, चिकटपट्टीचे लेबल लावू नका. मऊ टोकाच्या पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याचे शत्रू. लखनऊचा जून असो की विदर्भाचा मे, खिडकीत किंवा गाडीत सीडी ठेवू नका. डबीत, उभी, कोरड्या जागी ठेवा.

तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. पुण्याची आत्या, बंगळूरचा भाऊ, कुणीही चालेल. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते.

आणि सोबत चार ओळी लिहा. कोण गाते आहे, साथीला कोण, कुठे, कोणत्या वर्षी. पन्नास वर्षांनी आवाज उरेल, पण तो कुणाचा हे सांगणारे कुणी नसेल.

वहीत उरलेली भैरवी

आमच्या सीडीचे पुढे काही झाले नाही. कॅसेट परत मिळाली नाही. ज्यांच्या घरी ती बैठक झाली, त्यांच्याकडेही प्रत नव्हती.

पण काही वर्षांपूर्वी आजीची ट्रंक उघडली तेव्हा तिच्या वह्या सापडल्या. मॅरिस कॉलेजच्या दिवसांतल्या, निळ्या शाईच्या. भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, त्या लिहून काढायला सोपी लिपी घडवली आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्याच लिपीत आजीने आपल्या बंदिशी उतरवल्या होत्या. एका पानावर ती भैरवी होती. रे, ग, ध, नी या कोमल स्वरांखाली आडव्या रेघा. मंद्र स्वरांखाली टिंबे, तार स्वरांवर टिंबे. समेला फुली, खालीला शून्य. स्थायी, अंतरा, आणि समासात दोन ठिकाणी 'इथे घाई नको' असे बारीक अक्षरात.

कागदाच्याही मर्यादा आहेतच. आजीचा आवाज त्यात नाही. ती षड्जावर किती थांबायची, निषादाला कशी स्पर्श करायची, हे कोणत्याच रेघेत लिहिता येत नाही. पण अंतरा आहे. जो सीडीत कधी आलाच नाही, तो अंतरा.

गेल्या वर्षी आत्या निशातगंजला आली तेव्हा तिने ती वही मांडीवर घेतली. चष्मा वर सरकवला. आधी सीडी लावली. आजीची स्थायी सुरू झाली आणि नेहमीच्या जागी थांबली. आत्याने सम शोधली आणि तिथून पुढे ती वहीत बघून गायली. तिचा गळा आजीसारखा नाही, आणि दोनदा ती अडखळलीही. माझ्या मुलीने सगळे फोनवर रेकॉर्ड केले.

ती फाइल आता तीन ठिकाणी आहे. तिच्यावर नाव आहे, तारीख आहे, आणि आम्ही सगळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आहे.